ओळख पटेपर्यंत

अडीच वर्षांचं मूल शर्टाचं बटण लावत बसलेलं पाहा. बटण काजात शिरत नाही, जीभ ओठांबाहेर आलेली, बोटं घामेजलेली. घरच्यांना बाहेर पडायची घाई असते, म्हणून आई हात पुढे करते आणि तो हात झिडकारला जातो. ‘माझं मी!’

या झटापटीत माणूस घडत असतो, असं एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने फार गांभीर्याने सांगितलं. मुलाला धडपडू दिलं तर ‘मला जमतं’ हे त्याच्या अंगी मुरतं. सतत हिणवलं, घाई केली, तर लाज आणि शंका घर करतात. 1950 साली आलेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या पुस्तकात त्यांनी पाळण्यापासून मृत्यूपर्यंतचे असे आठ टप्पे मांडले. मनोविश्लेषक फ्रॉइडचा मुख्य भर बालपणावर होता. एरिक्सन यांनी पौगंड, तारुण्य, मध्यमवय आणि म्हातारपण यांनाही घडण्याचा हक्क दिला, आणि मला त्यांचं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. बीएडच्या गाइडमध्ये या आठ टप्प्यांचा तक्ता असतो. तो पाठ करून परीक्षा सुटते, पण त्यामागचा माणूस निसटतो.

तो जन्मला 1902 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता कोण, हे तिने त्याला अखेरपर्यंत सांगितलं नाही. आईने मुलांच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि मुलगा त्यांच्या नावाने एरिक हॉम्बुर्गर झाला. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा पोरगा प्रार्थनामंदिरात गेला की ज्यू मुलं त्याला परका म्हणत आणि शाळेत जर्मन मुलं त्याला ज्यू म्हणून चिडवत. 1939 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने आडनाव बदललं : एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. बापाच्या जागी त्याने स्वतःचंच नाव लिहिलं.

मराठीतला ‘ओळख’ हा शब्द इथे फार नेमका आहे. आपली ओळख असते, आणि ती दुसऱ्याला पटावीही लागते. एरिक्सन यांचं म्हणणं नेमकं हेच. मी स्वतःला जो समजतो आणि जग मला जो समजतं, त्यांचा मेळ बसला की माणूस स्थिरावतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दवाखान्यात त्यांनी असे सैनिक तपासले, ज्यांचा ‘कालचा मी तोच आजचा मी’ हा धागाच तुटला होता. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा आज कुणाच्याही तोंडी असलेला शब्द अशा अनुभवांतून आला. पुढे तो त्यांनी कुमारवयाला लावला.

या वयाला हवी असते मोहलत. एरिक्सन तिला ‘मोरॅटोरियम’ म्हणत. 2020 च्या टाळेबंदीत बँकांनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलले, तेव्हा हा शब्द आपल्या घराघरात पोचला. अर्थ तोच : देणं बुडालेलं नाही, फक्त वेळ दिलेला आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये हा विचार पुढे नेला. काही मुलं शोधाशोध न करताच आईवडिलांनी ठरवलेलं आयुष्य अंगावर चढवतात, हे त्यांनी दाखवलं. वरून ही मुलं सर्वांत शहाणी, सरळमार्गी दिसतात. दहावीचा निकाल लागायच्या आत क्लासची फी भरलेली असते, त्या घरांनी यावर थांबून विचार करायला हवा. चिडचिड करणारा, दर महिन्याला बेत बदलणारा मुलगा कदाचित स्वतःला शोधण्याचं आपलं काम चोख करत असतो.

मध्यमवयाचा प्रश्न वेगळा. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी आपण काय राखतो, की स्वतःतच साचून राहतो? त्याचं उत्तर शोधताना एरिक्सन यांना आपल्या शेजारचं एक शहर सापडलं. 1962 साली ते एका परिसंवादासाठी अहमदाबादला आले आणि 1918 च्या गिरणी संपाच्या आठवणी ऐकून गुंतले. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूया, मागणी 35 टक्के पगारवाढीची आणि मध्ये उपास करणारे 48 वर्षांचे गांधी. ‘गांधीज ट्रूथ’ हे त्यावरचं पुस्तक 1969 मध्ये आलं, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस हजारो परक्यांची जबाबदारी आपली मानतो, हे त्यांना त्यात दिसलं.

एरिक्सन 1994 मध्ये गेले. त्यांच्या पत्नी जोन यांनी नव्वदी ओलांडल्यावर नववा टप्पा जोडला. शरीर साथ सोडतं तेव्हा पहिले सगळे प्रश्न परत येतात. थरथरत्या हातांना बटण लागत नाही, आणि ‘माझं मी’ म्हणणाऱ्या आजोबांनाही थोडा वेळच हवा असतो.

या दिवाळीत घरी आलेल्या भाचीला, पुतण्याला ‘पुढे काय ठरवलंस?’ असं फराळाच्या ताटावरच विचारू नका. सध्या कशात मन रमतं, एवढं विचारा आणि ऐकत बसा. व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला मित्राने 1927 साली बोलावलं, तोवर एरिक चित्रं काढत युरोपभर भटकत होता. पंचविशीच्या त्या मुलाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि ती त्याने पुढेही कधी घेतली नाही.