फिरते, पेटते, टिकते : सुरू न होणाऱ्या गाडीचं निदान

मंडळी, "गाडी सुरूच होत नाही" ही तक्रार एकच वाटते, पण तिच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात. स्टार्टर इंजिन फिरवतो, फिरलेलं इंजिन पेट घेतं आणि पेटलेलं इंजिन ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता चालू राहतं. फिरणं, पेटणं, टिकणं. यातल्या कुठल्या पायरीवर गाडी अडली हे न बघता आपण नवी बॅटरी, नवे प्लग, नवा पंप टाकत सुटलो, तर हजारो रुपये जातात आणि दोष तिथंच राहतो. आज आपण फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीपुरतं बोलू. डिझेलचं गणित वेगळं आहे.

आता पहिली पायरी, फिरणं. चावी फिरवली की नुसतं भराभर टक-टक-टक होतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात? मग संशय बॅटरीवर किंवा तिच्या जोडणीवर. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली म्हणजे ती जवळजवळ उतरली. पण नवी घेण्याआधी टर्मिनल हाताने हलतंय का, त्यावर पांढरी-हिरवी पावडर साचलीय का, ते बघा. काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना ते शेवटी लावायचं. गाडी सुरू झाल्यावर मीटर साधारण १४ पर्यंत चढायला हवा. तो १२ वरच राहिला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि मग नवी बॅटरीसुद्धा लवकरच उतरणार. दिवे मात्र लख्ख आणि एकच जड 'टक्' आवाज आला, तर स्टार्टर तपासायला हवा.

दुसरी पायरी, पेटणं. इंजिन जोरात फिरतंय, पण पेट घेत नाही. इथं पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधायचं. स्टार्टर न मारता चावी फक्त 'ऑन' करा. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती आलीच नाही, तर पंपाआधी त्याचा फ्यूज आणि रिले तपासा. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहिला, तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुसाट फिरतंय असं वाटलं तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो, आणि स्टार्टर मारत राहिलात तर व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते. एरवीही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये.

तिसरी पायरी, टिकणं. गाडी सिग्नलला थरथरते, एसी लावला की बंद पडते, पण हायवेवर सुरेख पळते. असं का? आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते आणि हवा अगदी बारीक फटीतून येते. त्या फटीवर कार्बन साचला की इंजिनचा श्वास कोंडतो. उलट, एखादी रबरी नळी चिरली तर मोजणीत नसलेली हवा आत घुसते. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे मिश्रण मग बिघडतं. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असल्याने ही चोरटी हवा जाणवते. वेगात ती लपून जाते. कॉइल किंवा प्लगचा दोष मात्र बहुधा चढावर, भार पडला की जास्त जाणवतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न : पण स्कॅनर लावला की कळतंच ना?)

कळतं, पण अर्धंच. समजा पी ०१७१ हा कोड आला. त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. अहो, त्याने फक्त निरोप आणला! दोष चिरलेल्या नळीत असेल किंवा कमी दाब देणाऱ्या पंपात. कोड दिशा दाखवतो, घर नव्हे.

दोन गोष्टींत मात्र धाडस नको. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीच करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो जीव घेतो.

तेव्हा मेकॅनिककडे जाताना "काहीतरी बघा" असं म्हणू नका. कुठल्या पायरीवर अडते, सकाळी थंड असताना की तापल्यावर, एसी लावून की न लावता, एवढं सांगा. थंडीतच त्रास देणारी आणि तापल्यावरच बंद पडणारी, या दोन गाड्यांचे आजार सहसा वेगळे असतात. हे आपण नीट सांगितलं, तर चांगल्या मेकॅनिकचं निम्मं काम होतं, आणि नको तो पार्ट आपल्या गळ्यात पडत नाही.