जबड्याचा नकाशा डोळ्यांपुढे

पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवायचा, तर पूर्वी दोनच वाटा होत्या. एक म्हणजे काढता-घालता येणारी कवळी आणि दुसरी म्हणजे शेजारचे चांगले दात घासून त्यांच्या आधाराने बसवलेला ब्रिज. गेल्या काही दशकांत तिसरी वाट चांगलीच रुळली आहे. तिला आपण इम्प्लांट किंवा दंतरोपण म्हणतो. टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला धरून ठेवते आणि मग त्यावर कृत्रिम दात चढवतात. ऐकताना हे भिंतीत खुंटी मारण्याइतके सोपे वाटते. पण भिंतीच्या आतून विजेची तार कुठून गेली आहे हे ठाऊक नसेल, तर खुंटी मारणारा हातही थबकतो. जबड्याच्या बाबतीत नेमके तेच आहे.

हाड टायटॅनियमला धरून ठेवते हा शोध योगायोगाने लागला. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काम संपल्यावर काढू गेले, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट जुळून गेले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. १९८२ मध्ये टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

स्क्रू हाडात टिकतो हे सिद्ध झाले. उरला प्रश्न तो नेमका कुठे बसवायचा याचा. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक नळी जाते. तिच्यातली नस आपल्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. ड्रिल या नसेपर्यंत पोहोचले, तर ओठ बधिर होतो. कधी काही आठवडे, तर कधी कायमचा. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना हनुवटी कापली तरी समजत नाही. वरच्या जबड्यात दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते आणि तिथे हाडाचा थर पुष्कळदा पातळ असतो. म्हणून काही ठोकताळे पाळले जातात. नसेपासून किमान २ मिलिमीटर आणि शेजारच्या दाताच्या मुळापासून किमान दीड मिलिमीटर अंतर सोडायचे. इम्प्लांटची लांबी सर्वसाधारणपणे ८ ते १३ मिलिमीटर. म्हणजे सारा हिशेब तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत करायचा आणि तोही हिरडीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या हाडात!

साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. ही उणीव १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या कोन बीम सीटीने, म्हणजे दवाखान्यांतल्या बोलीत सीबीसीटीने, दूर केली. जबड्याचे त्रिमिती चित्र संगणकावर मिळू लागले. कोणत्या जागी, किती तिरका, किती खोल स्क्रू घालायचा हे डॉक्टर आधीच पडद्यावर आखू शकतात. पण आराखडा राहतो पडद्यावर आणि रुग्ण असतो खुर्चीत. ही आखणी तोंडात नेमकी उतरवायची कशी, ही खरी मेख आहे.

त्यावर पहिला तोडगा निघाला तो साच्याचा. संगणकावरील आखणीनुसार प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, दातांवर बसणारा साचा तयार करतात. त्यात धातूची कडी असते आणि तिच्यातूनच ड्रिल खाली जाते. हाताने अंदाजाने केलेल्या कामापेक्षा हे अचूक ठरते. अशा साच्यांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठरवलेली आणि प्रत्यक्षातली जागा यांत वरच्या टोकाला सरासरी १.२ मिलिमीटर, खालच्या टोकाला १.४ मिलिमीटर आणि कोनात साडेतीन अंशांचा फरक आढळला. ही झाली सरासरी. नसेपासून २ मिलिमीटर अंतर का सोडायचे, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

साच्याला मर्यादाही आहेत. एकदा बनवला की आयत्या वेळी बेत बदलता येत नाही. साचा असताना ड्रिलही जास्त लांबीचे लागते आणि मागच्या दाढांपाशी ते मावायला तोंड पुरेसे उघडावे लागते. सुपारी-गुटख्याच्या व्यसनाने ज्यांचे तोंड जेमतेम उघडते, त्यांच्याबाबत हीच मोठी अडचण होते. शिवाय ड्रिल फिरताना उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सिअसवर गेले, तरी त्याला इजा पोहोचू शकते. म्हणून सतत पाण्याचा फवारा लागतो आणि साचा नेमका त्याच्या आड येतो.

दुसरा तोडगा वाहनातल्या नकाशासारखा आहे. रुग्णाच्या दातांवर आणि ड्रिलच्या दांड्यावर खुणा बसवायच्या, कॅमेऱ्यांनी त्यांच्यावर नजर ठेवायची आणि ड्रिलचे टोक हाडात कुठे आहे ते क्षणोक्षणी पडद्यावर दाखवायचे. साचा नको, बेत बदलायची मुभा आहे, पाणीही पोहोचते. अडचण एकच. डॉक्टरांचा हात रुग्णाच्या तोंडात आणि नजर बाजूच्या पडद्यावर! सरावाने हे जमते, पण नजर सारखी इकडून तिकडे न्यावी लागते.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव, इथे उपयोगी पडते. पडद्यावरचे चित्र थेट डॉक्टरांच्या चष्म्यात आणायचे, ही त्यामागची कल्पना. संपूर्ण आभासी जगात डोळे बुडवणारे तंत्र वेगळे. इथे समोरचे खरे जग दिसत राहते आणि त्यावर माहितीचा एक थर चढतो. हे नाव दवाखान्यातून आलेले नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल हे विमानातील तारांच्या जुळणीचे काम सोपे करण्याच्या खटपटीत होते. कामगाराला कोणती तार कुठून न्यायची ते डोळ्यांसमोरच्या भिंगात दिसावे, अशी त्यांची योजना होती. जबड्याच्या शस्त्रक्रियेत या कल्पनेचे प्रयोग त्याच दशकात व्हिएन्ना येथे सुरू झाले. पण तेव्हाची साधने बोजड होती.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा डोक्यावर घालायचा, स्वतःचा संगणक असलेला चष्मा आला आणि संशोधकांचा हुरूप वाढला. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये दोन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मार्गदर्शक यंत्रणेचा पडदा त्यांनी या चष्म्यात आणला. नजर तोंडावरून न हलवता इम्प्लांट बसवले आणि ठरवलेल्या जागेपासून फरक पडला तो सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. अर्थात दोन रुग्णांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे सांगायलाच हवे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०२० मध्ये पाठीच्या मणक्यांत स्क्रू बसवतानाही अशाच जातीचा चष्मा वापरला गेला.

मग हा चष्मा प्रत्येक दवाखान्यात का नाही? याचे मोठे कारण आपल्या डोळ्यांत आहे. होलोलेन्समधील चित्र डोळ्यांना साधारण २ मीटरवर असल्यासारखे भासते, तर दातांचे डॉक्टर काम करतात हातभर अंतरावर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट पाहताना डोळे शिणतात. दुसरे कारण चित्र आणि जबडा एकमेकांवर तंतोतंत बसवण्याचे. रुग्ण आवंढा गिळतो, जबडा हलवतो. दातांवरची खूण किंचित सरकली, तर चष्म्यातली नसही सरकते. पण चित्र मात्र तितकेच ठसठशीत दिसत राहते. चुकीचा नकाशाही सुबकच दिसतो आणि धोका तिथेच आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आणि मध्ये-मध्येही ड्रिलचे टोक एखाद्या दातावर टेकवून, चित्रातही ते तिथेच दिसते ना, हे पडताळावे लागते. तिसरे कारण बाजाराचे. होलोलेन्सचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवले. ज्या साधनावर वर्षानुवर्षे संशोधन चालले, तेच बंद झाले की वैद्यकाला नव्या साधनाशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागते.

सामान्य रुग्णाने यातून काय घ्यावे? चष्मा, पडदा किंवा साचा ही सारी वाट दाखवणारी साधने आहेत. कुठे जायचे ते डॉक्टर आधी ठरवतात. हाड पुरेसे आहे का, मधुमेह आटोक्यात आहे का, हिरड्यांचा आजार बरा झाला आहे का, धूम्रपान सुटले आहे का, या प्रश्नांची उत्तरे कोणताही चष्मा देत नाही. इम्प्लांट यशस्वी होणे न होणे मात्र त्यांवरही अवलंबून असते. म्हणून दवाखान्यात नवे यंत्र आहे का, हे विचारण्याआधी आपल्या जबड्याचे त्रिमिती चित्र दाखवायला सांगा. नस कुठे आहे आणि स्क्रूचे टोक तिच्यापासून किती मिलिमीटरवर राहणार, हे विचारा. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरण्याच्या वेळेनंतरही ओठ बधिरच राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. नसेवर दाब असेल, तर तो लवकर काढण्यातच रुग्णाचे हित असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)