सात सह्या आणि एक घटना

कुणी गावात अभ्यासिका चालवतं, कुणी वस्तीतल्या मुलांचे वर्ग घेतं, कुणी ओढ्यावर बंधारे बांधतं. काम वाढतं, देणगीदार पावती मागतो आणि मग संस्था नोंदवायचं ठरतं. अशा गटांबरोबर कागद तयार करताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. काम जिवापाड करणारी माणसं कागद मात्र उरकून टाकतात. कुठून तरी तयार नमुना आणतात, नावं बदलतात, सह्या करतात. पुढे भांडण झालं की त्याचं मूळ त्या न वाचलेल्या पानांत सापडतं. म्हणून नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज इथे मांडतो.

गैरसमज: गणपतीत धर्मादाय कार्यालयाची परवानगी मिळते, म्हणजे आमचं मंडळ नोंदलेलंच आहे.

वस्तुस्थिती: ती कलम ४१ क खालची, वर्गणी गोळा करण्याची तात्पुरती परवानगी असते. तिने मंडळाची संस्था होत नाही. वर्षभर रुग्णवाहिका किंवा वाचनालय चालवायचं असेल, तर रीतसर नोंदणी करावी लागते.

गैरसमज: सोसायटीचं प्रमाणपत्र हातात आलं की नोंदणी संपली.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात सेवाभावी सोसायटीला दोन नोंदण्या लागतात. पहिली १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. त्यासाठी किमान सात जण लागतात. दुसरी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. ती झाली की संस्थेला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. सोसायटी न करता थेट ट्रस्ट केला, तर क्रमांक ‘ई’ने सुरू होतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हा तिसरा मार्ग. तिथे दोघांनी सुरुवात करता येते, पण अर्ज धर्मादाय कार्यालयात न करता केंद्र सरकारच्या कंपनी निबंधकाकडे करायचा असतो.

गैरसमज: घटना म्हणजे नुसता नमुना, दुसऱ्या संस्थेची उतरवून घेतली तरी चालते.

वस्तुस्थिती: सगळ्यात महाग पडतो तो हा समज. उतरवलेल्या घटनेत गोशाळेपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत सगळे उद्देश असतात आणि तुमचं खरं काम कुठे तरी सतराव्या ओळीत. हे उद्देश नंतर सहज बदलत नाहीत. १८६० च्या कायद्यात त्यासाठी एक महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं लागतात. आयकराची नोंदणी असेल, तर उद्देश बदलल्याचं त्या खात्यालाही कळवावं लागतं. म्हणून जे काम आज करता आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत करू पाहता, तेच नेमक्या शब्दांत लिहा.

नियमावली तर त्याहून जपून लिहावी. सभासद कुणाला करायचं आणि सभासदत्व कधी संपतं? सभेची नोटीस किती दिवस आधी? गणपूर्ती किती? बँकेत सह्या कुणाच्या? निवडणूक लांबली तर कारभार कोण पाहणार? सगळे एकमेकांवर जीव टाकत असतात तेव्हा हे प्रश्न परके वाटतात. पण त्यांची उत्तरं मोकळ्या मनाने ठरतात ती तेव्हाच. वाद पेटल्यावर प्रत्येक ओळीचे दोन अर्थ निघतात.

गैरसमज: सातचा आकडा भरायला कुणाचंही नाव घाला.

वस्तुस्थिती: ती माणसं कायद्यापुढे जबाबदार असतात. विश्वस्तांची नावं ‘परिशिष्ट १’ या नोंदवहीत चढतात आणि बँक किंवा अनुदान देणारं खातं तोच उतारा मागतं. कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, नवी निवड झाली, तर ९० दिवसांत फेरफार अहवाल, म्हणजे सगळे म्हणतात तो चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. हा अहवाल राहिला, की वारलेल्या माणसांची नावं दप्तरी तशीच राहतात आणि राबणाऱ्यांचं नाव कुठेच नसतं.

गैरसमज: नोंदणी झाली की देणगीदाराला करात सूट मिळते, परदेशातून पैसेही घेता येतात.

वस्तुस्थिती: ‘१२ए’ आणि ‘८०जी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मान्यता आयकर खात्याकडून वेगळ्या घ्याव्या लागतात. नव्या संस्थेला त्या आधी तीन वर्षांसाठी तात्पुरत्या मिळतात. परदेशी देणगीला २०१० चा परकीय अंशदान कायदा लागतो. त्याच्या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. इथे पासपोर्ट महत्त्वाचा. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मामांची देणगी मात्र परदेशी ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी.

गैरसमज: ना-नफा संस्थेत शिल्लक राहू द्यायची नाही आणि कुणाला पगार द्यायचा नाही.

वस्तुस्थिती: शिल्लक चालते, ती सभासदांत वाटता येत नाही. काम करणाऱ्यांना वाजवी पगार देता येतो आणि द्यावाच, कारण उपाशी कार्यकर्त्याच्या जोरावर संस्था फार दिवस टिकत नाही. सोसायटी बंद करायची वेळ आली, तर देणी भागवून उरलेलं सभासदांना घरी नेता येत नाही. ते दुसऱ्या संस्थेकडे जातं. समाजाने दिलेलं समाजाकडेच राहावं, हा त्यामागचा न्याय आहे.

गैरसमज: कागद इंग्रजीतच लागतात.

वस्तुस्थिती: धर्मादाय कार्यालयात मराठी घटना चालते. म्हणून ती सातही जणांना कळेल अशा मराठीत लिहा. सह्या करण्याआधी एका संध्याकाळी एकत्र बसा, एकाने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी अडवा. ज्या कलमावर कुणी ‘याचा अर्थ काय?’ विचारेल, ते कलम तिथेच पुन्हा लिहा. त्या संध्याकाळी विचारलेला प्रश्न पुढे कोर्टात विचारला जाणार नाही.