निकालाच्या दुपारी संगणक किती लागतात?



दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार असे कळले, की काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. किनवट असो, कंधार असो, उदगीर असो की औसा, पावणेएकपासूनच घरातील कोणीतरी मोबाइल हातात धरून बसलेले असते. लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. पण निकाल मात्र सगळ्या राज्याचा एकाच वेळी लागतो. म्हणजे सुमारे पंधरा लाख मुले एकाच क्षणी एकच दार ठोठावतात! १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास नीट उघडत नव्हती. निकाल तयार होता, पण तो मुलांपर्यंत पोचत नव्हता.

मग अशा दुपारी किती संगणक लागतील? आपण एक साधे गणित करू. समजा, १५ लाख मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत एकेकदा निकाल विचारला. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. म्हणून दर सेकंदाला २,५०० प्रश्न येतील. पण पान उघडले नाही तर आपण गप्प बसतो का? पुन्हा पुन्हा बोट दाबतो. प्रत्येकाने तीनदा विचारले, तर सेकंदाला ७,५०० प्रश्न! आणि त्याच रात्री दोन वाजता? कदाचित एकही नाही. एका दुपारसाठी ढीगभर संगणक विकत घेऊन ते वर्षभर धूळ खात ठेवणे कोणाला परवडेल?

यावर उपाय म्हणजे संगणक भाड्याने घेणे. मोठ्या कंपन्यांची हजारो संगणकांची केंद्रे असतात आणि त्यांतील संगणक इंटरनेटवरून हवे तेवढा वेळ वापरता येतात. यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी हे संगणक जमिनीवरच्या इमारतींतच असतात. गूगलने २०१७ साली मुंबईतही अशी सेवा सुरू केली.

आता प्रश्न असा, की भाड्याच्या संगणकावर आपला निकाल दाखवणारा प्रोग्राम चालेलच कशावरून? येथे एक जुनी युक्ती मदतीला येते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज एकसारख्या ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. आत काहीही असो, पेटी ठरावीक मापाची. त्यामुळे ती जहाजावरही बसे आणि ट्रकवरही. संगणकातला ‘कंटेनर’ असाच असतो. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एकत्र बांधलेले, म्हणून कोणत्याही यंत्रावर तो सारखाच चालतो. समजा, एक कंटेनर सेकंदाला १०० प्रश्नांची उत्तरे देतो. मग ७,५०० प्रश्नांसाठी ७५ कंटेनर हवेत. एका यंत्रावर पाच कंटेनर मावले, तर १५ यंत्रे लागतील. अशा एकत्र काम करणाऱ्या यंत्रांच्या समूहाला ‘क्लस्टर’ म्हणतात.

या समूहावर लक्ष ठेवणारा एक प्रसिद्ध प्रोग्राम म्हणजे ‘कुबरनेटीज’. गूगलने तो २०१४ साली सर्वांसाठी खुला केला. या ग्रीक शब्दाचा अर्थ नावेचे सुकाणू धरणारा. त्याची कामाची रीत तुमच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत आहे. टाकीतला तरंगता गोळा पाणी कमी झाले की तोटी उघडतो, ठरलेली पातळी आली की बंद करतो. कुबरनेटीजही सतत पाहतो: हवेत ७५ कंटेनर, चालू आहेत ७०; मग आणखी पाच सुरू करा. एखादे यंत्र बंद पडले, तर त्यावरचे कंटेनर तो दुसऱ्या यंत्रांवर उभे करतो.

पण त्याला ‘७५ हवेत’ आणि क्लाउडला ‘१५ यंत्रे हवीत’ हे सांगायचे कोणी? माणूस पडद्यावर बटणे दाबून सांगू शकतो. परंतु घाईत १५ च्या जागी १५० दाबले गेले तर? म्हणून हे काम प्रोग्रामकडे देतात. त्यासाठी ‘क्लायंट लायब्ररी’ वापरतात. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. हा तयार आज्ञांचा संच आहे. तुम्ही पायथॉनसारख्या भाषेत आज्ञा लिहिता; लायब्ररी ती क्लाउडला समजेल अशा रूपात पाठवते, तुमची ओळख पटवणारी किल्ली सोबत जोडते आणि उत्तर तुमच्यापर्यंत आणते. आज्ञेचा मजकूर साधा असतो. समूह: निकाल, ठिकाण: मुंबई, यंत्रे: १५.

यंत्रे लगेच मिळत नाहीत. काही मिनिटे लागतात. म्हणून उत्तरादाखल आधी मिळते ती एक पावती. गिरणीत दळणाचा डबा ठेवून आपण घरी येतो आणि थोड्या वेळाने ‘झाले का दळण?’ म्हणून विचारतो, तसेच प्रोग्राम पावतीचा क्रमांक दाखवून विचारत राहतो. दर क्षणाला विचारून गिरणीवाल्याला भंडावण्यात अर्थ नसतो. म्हणून चांगला प्रोग्राम पाच सेकंदांनी, मग दहा, मग वीस सेकंदांनी विचारतो. आणि निकाल एक वाजता असेल, तर डबा बारालाच ठेवायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, समूहात चार यंत्रे आहेत. तुम्ही लातूरहून आज्ञा पाठवली, ‘अकरा यंत्रे वाढव.’ आज्ञा मुंबईला पोचली, पण उत्तर वाटेतच हरवले. तुम्हाला वाटले, आज्ञा गेलीच नाही. म्हणून ती पुन्हा पाठवली. परिणाम? चार अधिक अकरा अधिक अकरा, म्हणजे २६ यंत्रे! त्याऐवजी ‘एकूण पंधरा यंत्रे असू देत’ अशी आज्ञा दिली असती, तर ती दहादा पोचली तरी यंत्रे पंधराच राहिली असती. म्हणून शहाणा प्रोग्रामर ‘काय कर’ असे न सांगता ‘शेवटी काय असावे’ ते सांगतो. दूरवरच्या यंत्रांशी बोलताना चुकीपासून वाचवणारी ही मोठी युक्ती आहे.

सर्वच गर्दी घड्याळ पाहून येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा कोणालाच पूर्वसूचना नव्हती. आज असे संकट आले, तर मदतीची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर क्षणात झुंबड उडेल. त्यासाठी ‘कमीत कमी दोन, जास्तीत जास्त वीस’ अशी मर्यादा घालून देतात आणि गर्दीप्रमाणे यंत्रे आपोआप कमीजास्त होतात. वरची मर्यादा विसरू नये. कारण भाडे मोजावे लागते. तसेच किल्ली कोणाला देऊ नये. ती ज्याच्या हाती जाईल, तो तुमच्या नावावर हवी तितकी यंत्रे घेईल!

वर्गात करून पहा: एका मुलाला ‘लायब्ररी’ करा, एकाला ‘क्लाउड’. चार मुले ‘यंत्रे’ म्हणून समोर उभी करा, काही राखीव ठेवा. ‘तीन वाढव’ अशी चिठ्ठी दोनदा पाठवा आणि मुले मोजा. मग पुन्हा चारपासून सुरुवात करून ‘एकूण सात’ ही चिठ्ठी दोनदा पाठवा. फरक डोळ्यांना दिसेल.

आणि हे गणित सोडवा: १५ लाख मुलांनी पाच मिनिटांत दोनदा निकाल विचारला, तर यंत्रे किती लागतील? (उत्तर: २०)