घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन

पुनावळ्याहून मुंबईला निघालं की किवळ्यापाशी द्रुतगती मार्ग लागतो. लोणावळा मागे टाकून, खंडाळ्याचा बोगदा ओलांडून गाडी घाट उतरू लागली की अमृतांजन पॉइंट येतो. तिथला पूल आता राहिलेला नाही, नाव मात्र ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी पक्कं आहे. याच परिसरात, नागफणीच्या कड्याजवळ, ६६ वर्षं एक रेल्वे स्टेशन राबतं होतं. ते कुठल्या गावासाठी बांधलेलं नव्हतं, आसपास बाजारपेठही नव्हती. बोरघाटाच्या चढावर गाडीची दिशा बदलायची, एवढ्यासाठी ते उभं राहिलं. रेल्वेच्या दप्तरात त्याचं नाव होतं रिव्हर्सिंग स्टेशन.

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतून जाणारे रूळ त्या स्टेशनापेक्षा जुने आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने खंडाळा ते पुणे हा टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू केला. मुंबईकडून येणारी गाडी तोवर खोपोलीला पोचली होती. मधला घाट बाकी होता. खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसायचं, असा प्रवास पाच वर्षं चालला.

घाटाचा आराखडा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांचा. पळसदरीपासून वर सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठायची होती. सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना एक फूट. २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल बांधावे लागले. दोरांना लोंबकळत मजुरांनी कड्यांना सुरुंगाची भोकं पाडली. १८६१ च्या सुमारास ४२ हजारांवर माणसं कामावर होती. कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्यांतली हजारो दगावली.

पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. त्याच्या काळात मजुरी थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. पुढे त्याने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या शिरावर घेतलं, जाणते अभियंते हाताशी धरले आणि काम शेवटास नेलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. बर्कलींना तो दिवस पाहता आला नाही. ऑगस्ट १८६२ मध्येच इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं होतं.

गाडीची दिशा बदलावी का लागे? डोंगराच्या सोंडेवर रूळ वळवायला जागाच नव्हती. इतक्या अरुंद जागेत पुरेसं मोठं वळण बसेना, आणि सरळ वर जावं तर चढ झेपेना. बर्कलींनी सोंडेवर सपाटी काढून घेतली. खालून आलेली गाडी या सपाटीवर येऊन थांबे. इंजिन सुटे आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लागे. मग आतापर्यंत शेवटी असलेला डबा पुढे होई आणि गाडी उलट्या दिशेने, दुसऱ्या रुळावरून खंडाळ्याची चढण धरी. कागदावर काढलं तर इंग्रजी व्हीचा आकार दिसेल. पुण्याकडून उतरणाऱ्या गाडीलाही हेच सोपस्कार करावे लागत. नाशिकच्या वाटेवर कसारा घाटातही असंच स्टेशन होतं.

ही युक्ती बिनतोड होती, पण वेळ खाणारी. प्रत्येक गाडीला थांबा अटळ, आणि सपाटीच्या लांबीपेक्षा गाडी लांब करता येईना. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी आली. त्याच वेळी नवे बोगदे खोदून घाटात नवा मार्ग टाकला आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. १ जून १९३० रोजी धावू लागलेल्या डेक्कन क्वीनला या सपाटीवर कधी थांबावं लागलं नाही. चढ मात्र तेवढाच राहिला. म्हणून आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात.

रूळ निघाले तरी दगडी बांधकाम टिकलं. जुन्या मार्गावरच्या पुलावर वेदनाशामक बामची जाहिरात रंगवली गेली आणि तो अमृतांजन पूल झाला. द्रुतगती मार्ग त्याच्याच कमानींखालून गेला. पुलाच्या खांबांमुळे वाहनं तुंबू लागली. शेवटी लॉकडाऊनमध्ये रस्ता मोकळा असताना, एप्रिल २०२० मध्ये, राज्य रस्ते विकास महामंडळाने तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीची अडचण खरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दिवसांतल्या बातम्यांत पुलाचं साल १८३० छापून आलं. ते साल घाटातल्या गाडीरस्त्याचं. रेल्वे तिथे पोचायला पुढे ३३ वर्षं लागली. ज्या वास्तूवर तिचा इतिहास कुठे लिहिलेलाच नसतो, तिचं वयसुद्धा असं हरवतं.

पूल परत येणार नाही. पण जुन्या मार्गाच्या ज्या खुणा शिल्लक आहेत त्यांची नोंद, मोजमाप आणि राखण करणं अजून आपल्या हातात आहे. रेल्वे आणि महामंडळाने मिळून निदान खंडाळ्याच्या विसाव्यावर मराठीत एक ठसठशीत फलक लावावा. त्यावर बर्कली असावेत, ॲलिस ट्रेडवेल असावी आणि सर्वांत वर, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत ते घाटातले मजूर असावेत. मुंबई-पुणे ही जोडी त्यांच्या कष्टांवर उभी आहे. तिचा रोज लाभ घेणाऱ्या आपण पिंपरी-चिंचवडकरांनी ही मागणी लावून धरायला हवी.