मांजर आपल्याकडे बघत असते

आज बोलायचंय मांजरीविषयी. हसू नका, विषय मनाच्या आरोग्याचा आहे.

बैठकीत विचारलं, मांजर कशाला पाळता, तर उत्तर येतं, उंदरांसाठी. पण जिचा मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी सासरी आणि नवरा देवाघरी गेलेला, ती बाई दुपारी कोणाशी बोलते? पायाशी बसलेल्या मनीशीच. त्याची तिला लाज वाटायचं काही कारण नाही.

अमेरिकेत अशा सोबत्याला भावनिक आधाराचा प्राणी म्हणतात. मनाचा आजार असलेल्या माणसाला डॉक्टर किंवा समुपदेशक तसं पत्र देतात. ते दाखवलं की ‘जनावर चालणार नाही’ म्हणणाऱ्या घरमालकालाही सहसा परवानगी द्यावी लागते. अशा मांजरीला वेगळं काही शिकवलेलं नसतं. तिनं फक्त सोबत राहायचं. तिथल्याच वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 249 विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, तो 2019 साली छापून आला. ज्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं ताणाचं रसायन इतरांपेक्षा कमी भरलं.

हे झालं मांजर आपल्याला काय देते ते. पण आपल्या वागण्याचं तिला काय कळतं? मांजरीला ओढ घराची, माणसाची नाही, असं आपण म्हणतो. अभ्यास वेगळं सांगतात.

पहिली गोष्ट आवाज. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी मांजरींना परक्यांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला. कान टवकारले, मान वळवली, पण बहुतेक जणी जागच्या उठल्या नाहीत! म्हणजे हाक ऐकू येते, फक्त यायचं की नाही ते ती ठरवते.

दुसरी गोष्ट चेहरा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मालक हसऱ्या चेहऱ्यानं बसला, की मांजरी जास्त जवळ आल्या, अंग घासलं, मांडीवर बसल्या. कपाळाला आठ्या असल्या की कमी आल्या. परक्या माणसाच्या चेहऱ्यानं तसा फरक पडला नाही. रोजच्या सहवासातूनच ती आपला चेहरा वाचायला शिकते, असं यावरून दिसतं.

तिसरी गोष्ट भीती. इटलीतल्या अभ्यासकांनी फिती बांधलेला पंखा लावून ठेवला. अनोळखी वस्तू दिसताच बहुतेक मांजरींनी आधी मालकाकडे पाहिलं. मालक घाबरल्यासारखा वागला, तर त्यांची नजर बाहेर पडायच्या वाटेकडे लवकर गेली. लहान मूल नवीन पाहुणा आला की आईच्या तोंडाकडे बघतं ना, तसंच हे.

आता आपल्या घरात बघू. रोज आरडाओरडा, आदळआपट असेल, तर मांजर माळ्यावर जाऊन बसते, नीट खात नाही, कधी घरातच घाण करते. आपण म्हणतो, द्वाड झाली, आणि वर झाडू फेकतो. ती घाबरलेली असते. मारल्यानं भीती वाढते आणि मुलंही तेच शिकतात: वरच्याचा राग खालच्यावर काढायचा. मांजर लघवीला पुन्हा पुन्हा बसते आणि होत नाही, असं दिसलं तर मात्र तो आजार असतो. विशेषतः बोक्याच्या जिवावर बेततं. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या.

मग वागायचं कसं? खायला देताना रोज एकाच नावानं, मऊ आवाजात हाक मारा. ओढून मांडीवर घेऊ नका. खाली बसा, हात पुढे करा, तिला येऊ द्या. कान मागे पाडले, शेपटी आपटायला लागली, की हात काढून घ्या. आणि तिच्याकडे टक लावून बघू नका. डोळे किलकिले करा, हळूच मिटा, हळूच उघडा. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं, की असं केलं की मांजरीही तसेच डोळे मिटतात आणि परक्याजवळसुद्धा जास्त येतात.

एक काळजी घ्या. मांजर चावली, ओरखडली, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीज मांजरीकडूनही होतो. हळद-चुना लावून घरी बसू नका.

आणखी एक. मांजर सोबत देते, उपचार करत नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर माणसाशीच बोला. सरकारची टेली मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. रात्रीअपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गटातली एखादी मैत्रीण अलीकडे फक्त मांजरीशीच बोलत असेल, तर तिच्या ओट्यावर जाऊन बसा.

पुढच्या बैठकीपर्यंत आठ दिवस आहेत. ज्यांच्या घरी मनी आहे, त्यांनी रोज दोन मिनिटं तिच्यासमोर शांत बसून डोळे मिटून-उघडून बघा. काय झालं ते हप्ता भरायला याल तेव्हा सांगा.