राक्षसाचं नाव काय?

दोस्तांनो, आधी एक छोटीशी परीक्षा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "फ्रँकेन्स्टाईन कोण होता?" बहुतेक जण सांगतील : तो नाही का, चौकोनी डोक्याचा, मानेत बोल्ट खुपसलेला, हात पुढे करून धप् धप् चालणारा राक्षस! आईबाबांनी असं उत्तर दिलं तर बिनधास्त शून्य मार्क द्या. फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव नाहीच. ते त्याला बनवणाऱ्या तरुणाचं आडनाव! व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन. आणि राक्षसाचं नाव? ते त्या जाडजूड कादंबरीत कुठेच सापडत नाही. कारण ते कोणी ठेवलंच नाही.

आपल्याकडच्या रीतीने त्याचं नाव लिहायचं म्हटलं, तर मधल्या जागी 'व्हिक्टर' आणि शेवटी 'फ्रँकेन्स्टाईन' असं लिहिता येईल. पहिली जागा मात्र कोरी! आता एक लक्षात ठेवा, ही कोरी जागा म्हणजे लेखिकेची विसरभोळेपणाची चूक नव्हे. सगळी गोष्टच त्या कोऱ्या जागेभोवती फिरते.

हो, लेखिकेची! आणि तीही कोण, तर अठरा वर्षांची मुलगी. म्हणजे तुमच्या बारावी-तेरावीतल्या ताईच्या वयाची.

उन्हाळा हरवला ते वर्ष

१८१६ सालचा जून महिना. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही इंग्रज मंडळी उन्हाळ्यासाठी आली होती. प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन, त्याचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी, कवी पर्सी शेली, मेरी गॉडविन आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर. होड्या वल्हवायच्या, डोंगर चढायचे, असे बेत होते. पण पाऊस काही थांबेना! दिवसच्या दिवस आभाळ काळंकुट्ट, विजांचा कडकडाट आणि थंडी अशी, की उन्हाळ्यात शेकोटी पेटवावी लागे.

असं का झालं होतं, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं कारण हजारो मैलांवर होतं. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरच्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. माणसाच्या लेखी इतिहासातला हा सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक. राख आणि गंधकाचे वायू इतके उंच गेले की त्यांचा पातळ पडदाच पृथ्वीभोवती पसरला, आणि ऊन कमी झालं. युरोपात पिकं बुडाली, लोकांची अन्नान्नदशा झाली. अमेरिकेच्या ईशान्य भागात तर जूनमध्ये बर्फ पडलं! इतिहासात १८१६ हे 'उन्हाळा नसलेलं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं.

बाहेर पाऊस, आत शेकोटी. मग काय होणार? भुताच्या गोष्टी! बायरनच्या 'व्हिला दिओदाती' या बंगल्यात जर्मन भूतकथांचं फ्रेंच भाषांतर मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. एका रात्री बायरनने टूम काढली, की आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. दोन्ही नामवंत कवींनी सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत कंटाळून सोडून दिली. पॉलिडोरीकडून पुढे रक्तपिपासू 'व्हँपायर'ची कथा आली. ड्रॅक्युलाची ती पणजीच म्हणा ना. मेरीला मात्र काहीच सुचेना. सकाळी उठलं की विचारणा, "सुचली का गोष्ट?" आणि बिचारीचं उत्तर रोज तेच, "नाही."

अशातच एके रात्री त्यांच्या गप्पा विज्ञानाकडे वळल्या. त्या काळी विजेचं वेड सगळीकडे पसरलं होतं. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूचा स्पर्श केला आणि पाय ताडकन उडाला. त्याचं हे संशोधन १७९१ मध्ये छापलं गेलं. त्याचा भाचा अल्दिनी आणखी पुढे गेला. १८०३ मध्ये लंडनला त्याने फाशी दिलेल्या एका कैद्याच्या देहातून विजेचा प्रवाह सोडला. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हाताची मूठ वळली! बघणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल ती कल्पनाच करा. जीव म्हणजे वीजच असेल का, हा प्रश्न तेव्हा विद्वानांनाही पडला होता.

त्या रात्री मेरीला झोप येईना. डोळे मिटले तर समोर चित्र उभं राहिलं : एक फिकट चेहऱ्याचा विद्यार्थी स्वतः जोडून तयार केलेल्या देहापाशी गुडघे टेकून बसलाय, आणि तो देह हलतोय. ती दचकून उठली. खिडकीच्या फटींतून चांदणं आत येत होतं, अशी आठवण तिने पुढे लिहून ठेवली आहे. आता गंमत ऐका. अमेरिकेत टेक्सासमधल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी २०११ साली या चांदण्यावरून गणित मांडलं. समोरच्या डोंगराच्या आडून चंद्र वर येऊन त्या खोलीत उजेड कधी पडला असेल? उत्तर आलं, १६ जून १८१६, पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान!

आईवाचून वाढलेली मुलगी

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनचा. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारी धाडसी बाई. पण मेरीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी ती गेली. वडील विल्यम गॉडविन तत्त्वज्ञ. घरात पुस्तकंच पुस्तकं. आईच्या कबरीजवळ बसून वाचायची या मुलीला सवय होती. पुढे घरच्यांच्या मनाविरुद्ध ती पर्सी शेलीबरोबर गेली. १८१५ मध्ये तिचं पहिलं बाळ काही दिवसांतच दगावलं. त्यानंतर तिने डायरीत एक स्वप्न नोंदवलं आहे : बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं, आणि शेकोटीजवळ धरून चोळल्यावर ते परत जिवंत झालं.

हे वाचल्यावर कळतं, की मेलेल्याला जिवंत करण्याची गोष्ट तिला नुसती भुतांच्या गप्पांतून सुचलेली नव्हती.

पहिली रात्र

आता गोष्टीकडे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा जिनिव्हाचा हुशार, लाडात वाढलेला मुलगा. जर्मनीत इंगोल्स्टाटच्या विद्यापीठात तो शिकायला जातो आणि निर्जीवाला सजीव करण्याच्या ध्यासाने झपाटून जातो. जवळजवळ दोन वर्षं घर नाही, पत्र नाही, धड जेवण नाही. स्मशानातून, चिरफाडीच्या खोल्यांतून, खाटीकखान्यांतून सामान गोळा करायचं. बारीक अवयव जोडायला फार वेळ जातो, म्हणून त्याने देह आठ फूट उंचीचा करायचं ठरवलं!

सिनेमात दाखवतात तशा लखलखत्या विजा, फिरणारी चाकं, "जिवंत झाला, जिवंत झाला!" असा आरडाओरडा यातलं पुस्तकात काही नाही. नोव्हेंबरमधली पावसाळी रात्र, विझत आलेली मेणबत्ती, आणि एक पिवळसर डोळा उघडतो. बस्स. कृती कोणती, हे व्हिक्टर कोणालाच सांगत नाही.

त्या क्षणी तो काय करतो? आनंदाने नाचतो? छे! ते तोंड इतकं कुरूप दिसतं, की तो खोलीतून पळ काढतो आणि चक्क झोपी जातो. मध्यरात्री जाग येते तेव्हा पलंगाचा पडदा बाजूला करून 'तो' उभा असतो. तोंडातून काहीतरी पुटपुटतो, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या पडतात आणि एक हात पुढे येतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, या वेळी सरळ जिन्यावरून खाली.

आता हेच वर्णन परत एकदा वाचा. बोबडे आवाज, हसू, पुढे केलेला हात. घरात तान्हं बाळ असेल तर तुम्ही हे रोज बघता. सगळी पुढची संकटं एका बाळाला उचलून न घेतल्यामुळे आली, असं मला तरी वाटतं.

भिंतीच्या फटीतून शाळा

पुस्तकाचा सर्वांत सुंदर भाग पुढे आहे आणि सिनेमावाल्यांनी नेमका तोच बहुतेक वेळा गाळलाय. हा बिननावाचा जीव रानात भटकतो, फळं खातो. विस्तवाची ऊब त्याला आवडते, म्हणून तो हात घालतो आणि चटका बसतो! गावात गेला तर लोक दगड मारतात. शेवटी एका घराला लागून असलेल्या खोपटात तो लपतो. घरात आंधळे म्हातारे आजोबा द लेसी, मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. भिंतीला एक फट असते. त्या फटीला डोळा लावून तो माणसं कशी राहतात ते शिकतो.

पहिले शब्द कोणते शिकला असेल? विस्तव, दूध, भाकरी, लाकूड. या घरातले लोक गरीब आहेत आणि आपण रात्री चोरून खातो ते त्यांच्याच तोंडचं, हे कळल्यावर तो चोरी बंद करतो. उलट फेलिक्सची हत्यारं घेऊन रात्री रानातून सरपण आणून दारात रचून ठेवतो. सकाळी घरातले चकित! कोणी चांगला आत्मा मदत करतो आहे, अशी त्यांची समजूत. पुढे साफी नावाची परदेशी मुलगी तिथे येते. तिला भाषा शिकवायला बसवतात आणि फटीपलीकडचा हा विद्यार्थी तिच्याहून लवकर शिकतो. रानात सापडलेल्या पिशवीतली तीन भारी पुस्तकंही तो वाचून काढतो. त्यातलं एक म्हणजे कवी मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट'! कॉलेजातल्या मुलांनाही जड जातं ते.

एक दिवस घरात फक्त आजोबा असतात. तो धीर करून आत जातो. आजोबांना दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात, आणि त्यांना वाटतं, हा कोणी दुःखी सज्जन माणूस. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी प्रेमाने बोलतं! तेवढ्यात मुलं परत येतात. अगाथा बेशुद्ध पडते, साफी पळून जाते, फेलिक्स काठीने झोडपतो. मनात आणलं असतं तर त्याने फेलिक्सला चुरगाळून टाकलं असतं. तो मार खातो आणि निघून जातो. पुढे नदीत बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो. बक्षीस काय? तिच्या सोबत्याने झाडलेली गोळी.

यानंतर मात्र तो सूडाने पेटतो. व्हिक्टरच्या चिमुकल्या भावाचा, विल्यमचा, तो गळा दाबतो. त्याचं मागचं दुःख कितीही खरं असलं, तरी हा खून काही माफ होत नाही. आळ येतो घरातल्या जस्टीन या निष्पाप मुलीवर. व्हिक्टरला खरा गुन्हेगार ओळखू येतो, तरी लोक आपल्याला वेडा म्हणतील म्हणून तो कोर्टात गप्प बसतो आणि जस्टीन फासावर जाते. माझ्या मते व्हिक्टरचा सर्वांत मोठा गुन्हा प्रयोगशाळेतला नाही, हा आहे.

पुढचं सगळं सांगत नाही, नाहीतर वाचायला काय उरेल? एवढंच सांगते, की पाठलाग थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फापर्यंत जातो.

भस्मासुर म्हणावं का?

आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'फ्रँकेन्स्टाईन' आणि 'भस्मासुर' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. अणुबॉम्ब असो, जनुकं बदललेलं बियाणं असो की आजची विचार करणारी यंत्रं. पण जरा ताडून बघा. भस्मासुराने वर मिळताच देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धाव घेतली. या बिचाऱ्याने हात पुढे केला तो मारायला नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या तर निम्मी गोष्ट हातची जाते.

पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये निघालं, प्रती अवघ्या पाचशे. त्याआधी दोन प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. त्यावर लेखकाचं नावच नव्हतं! प्रस्तावना पर्सी शेलीची, तेव्हा गोष्टही त्याचीच असणार, असं लोक धरून चालले. सर वॉल्टर स्कॉटसारख्या मोठ्या लेखकालाही तसंच वाटलं. मेरीचं नाव इंग्रजी आवृत्तीवर आलं ते १८२३ मध्ये. म्हणजे राक्षसाला नाव नाही आणि त्याला जन्म देणारीलाही नाही! त्याच वर्षी लंडनला या गोष्टीचं नाटक लागलं. पात्रांच्या यादीत राक्षसाच्या जागी नुसती रेघ होती. मेरी नाटक बघायला गेली आणि ती रेघ तिला फार आवडली.

चौकोनी डोकं आलं ते १९३१ च्या हॉलिवुड सिनेमात. रंगभूषा जॅक पिअर्सची, राक्षस झाला बोरिस कारलॉफ. या कारलॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट आणि त्याच्या पूर्वजांत भारतीय रक्त होतं! सुरुवातीच्या नामावळीत राक्षसापुढे फक्त प्रश्नचिन्ह आहे. सिनेमा बघाल तेव्हा नीट लक्ष ठेवा. आणि हो, १८३१ च्या सुधारलेल्या आवृत्तीत व्हिक्टरचा जिवलग मित्र क्लेर्वाल फारसी, अरबी आणि संस्कृत शिकतो, हिंदुस्थानात यायचे मनसुबे रचतो. तो आला का, ते पुस्तकातच बघा.

पुस्तकाचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांबलचक आहेत. सुरुवातीची पत्रं वाचून बऱ्याच जणांचा धीर सुटतो. तसं झालं तर एक युक्ती करा. १८३१ ची आवृत्ती घेऊन सरळ दहावं प्रकरण उघडा. आल्प्समधल्या बर्फाच्या नदीवर दोघांची भेट होते आणि अकराव्यापासून सोळाव्यापर्यंत तो स्वतः बोलतो. आठवी-नववीतल्यांनी शब्दकोश जवळ ठेवून वाचावं, लहानांनी आईबाबांकडून वाचून घ्यावं. फक्त वाचणाऱ्याने त्याच्यासाठी भसाडा, घोगरा आवाज काढू नये. तो फार छान बोलतो.